शेकडा पाच पैसे देखरेखीचे : अडतीवर सरकारची नजर असते, पण पट्टी असेल तरच

उमरखेड : बाजार समितीच्या यार्डात सोयाबीन, तूर, हरभरा किंवा हळद विकली गेली की खरेदीदाराकडून बाजार फी घेतली जाते. तिच्यासोबत आणखी एक छोटी रक्कम जाते. शंभर रुपयांच्या मालामागे पाच पैसे. हिला देखरेख शुल्क म्हणतात. एक लाखाच्या मालावर हे पन्नास रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण ती कशासाठी घेतली जाते हे महत्त्वाचं आहे. बाजारात शेतकऱ्याचा माल नीट मोजला जातो का, बोली उघड होते का, अडत्या जास्तीचं काही कापत नाही ना आणि चुकारा वेळेवर होतो का, यावर सरकारने नजर ठेवायची, त्याचा हा खर्च.

म्हणजे नजर ठेवायला कायदा आहे, माणसं आहेत आणि त्याचे पैसेही वसूल होतात. तरी दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकून घरी आलेल्या शेतकऱ्याला विचारलं, "पट्टीत काय काय कापलं?" तर बरेचदा उत्तर येतं, "पट्टी कायले पाहिजे भाऊ, पैसे भेटले ना!" सगळी गडबड या एका वाक्यात आहे. कारण तालुक्याच्या सहायक निबंधकापासून पुण्याच्या पणन संचालकापर्यंत प्रत्येक जण फक्त कागद तपासू शकतो. ज्या व्यवहाराचा कागदच नाही, त्याच्यावर कोणाचीच नजर पोहोचत नाही.

अडत्या कोण आणि व्यापारी कोण?

गावात दोघांनाही 'शेठ' म्हणतात, म्हणून घोळ होतो. कायद्याच्या भाषेत दोघे वेगळे आहेत.

व्यापारी माल स्वतःसाठी विकत घेतो. अडत्या माल विकत घेत नाही. तो शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानासमोर उतरवून घेतो, हर्रासात विकून देतो, खरेदीदाराकडून पैसे आणतो आणि शेतकऱ्याला देतो. या कामाचा मोबदला म्हणजे अडत. ती विक्रीच्या रकमेवर टक्क्यात मोजली जाते. बाजारात काही ठिकाणी एकाच माणसाकडे अडत्याचा आणि व्यापाऱ्याचा असे दोन्ही परवाने असतात. अशा वेळी शेतकऱ्याने थोडं जास्त सावध राहिलेलं बरं, कारण आपला माल जास्त भावात विकून देणारा आणि तोच माल कमी भावात घेऊ पाहणारा एकाच गादीवर बसलेला असतो.

अडत्याचं काम फुकटचं आहे, असंही नाही. पेरणीच्या वेळी बँकेचं कर्ज अडलं की बियाण्याला, खताला उचल तोच देतो. लग्नकार्यात, दवाखान्यात पैसा तोच पुढे करतो. पाऊस आला तर ताडपत्री त्याचीच असते. पण ही उचल नुसत्या व्याजावर फिटत नाही. 'माल आमच्याच दुकानावर आणायचा' ही अट तोंडीच असते आणि ती कागदापेक्षा पक्की असते. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याशी पट्टीवरून वाद घालायला जीभ उचलत नाही. अडतीच्या प्रश्नाचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

सुरुवात आपल्या वऱ्हाडातूनच

बाजारावर सरकारी नियम असावेत, ही गोष्ट दिल्ली-मुंबईहून आलेली नाही. देशातल्या पहिल्या नियंत्रित बाजारांमध्ये वऱ्हाडातल्या कारंजाच्या कापूस बाजाराचं नाव घेतलं जातं. तो १८८६ सालचा. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा वेगळा कायदा झाला. बाजार चालवायला समिती, दलाल आणि मापाऱ्यांना परवाना, नियम मोडला तर कारवाई, हा सांगाडा तेव्हाचाच. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने वऱ्हाडच्या या बाजारांचा अभ्यास करून इतर प्रांतांनीही असे बाजार उभारावेत, अशी शिफारस केली.

त्या काळी भाव कसा ठरायचा? दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. माल ज्याचा, तो शेतकरी बाजूला उभा असायचा आणि त्यालाच भाव कळायचा नाही. उघड बोलीचा नियम याच्यासाठी आला.

आज जो कायदा लागू आहे तो 'महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३' आणि त्याखालचे १९६७ चे नियम. केंद्र सरकारने २०२० मध्ये आणलेले तीन कृषी कायदे २०२१ च्या शेवटी मागे घेतले गेले. त्यामुळे बाजार समिती, अडत्या आणि परवाना हे सगळं आजही १९६३ च्या राज्य कायद्यावरच चालतं. त्यात अधूनमधून दुरुस्त्या झाल्या. शेतकऱ्यांच्या खिशाशी सगळ्यात जवळची दुरुस्ती अडतीची होती.

अडत कोणाच्या खिशातून?

वर्षानुवर्षं अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात होती. डिसेंबर २०१४ मध्ये त्या वेळचे पणन संचालक सुभाष माने यांनी अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा आदेश काढला. व्यापारी-अडत्यांनी बाजार बंद ठेवण्याची भूमिका घेतली आणि सरकारने काही दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती दिली. शेतकऱ्याच्या पट्टीत फरक पडला नाही.

दुसरा प्रयत्न जुलै २०१६ मध्ये झाला. सरकारने अध्यादेश काढून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी, असा निर्णय घेतला. पुन्हा राज्यात बाजार बंद झाले. नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बरेच दिवस ठप्प राहिले. पण या वेळी निर्णय टिकला.

तेव्हा व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की अडत आमच्यावर आली तर आम्ही तेवढा भाव कमी बोलू, म्हणजे शेवटी शेतकऱ्याचंच नुकसान. या बोलण्यात काही दम नाही असं नाही. खर्च वाढला की खरेदीदार तो कुठून तरी काढणारच. पण दोन गोष्टींत मोठा फरक आहे. भाव कमी झाला तर तो बोलीत, दहा जणांसमोर कमी होतो. एकाने कमी बोलला तर दुसरा चार पैसे जास्त बोलू शकतो, आणि शेतकऱ्याला पटलं नाही तर तो 'नाही द्यायचा' म्हणू शकतो. याउलट भाव ठरून, माल मोजून, पोती गोदामात गेल्यावर गादीवर बसून जे कापलं जातं, त्याच्यावर ना कोणी जास्त बोलतो ना शेतकरी माल परत नेऊ शकतो. म्हणून कपात बोलीत गेली तर ती निदान दिसते.

पट्टी अशी वाचा

समजा, एका शेतकऱ्याने २० क्विंटल सोयाबीन आणलं आणि ४,५०० रुपये भाव मिळाला. माल झाला ९० हजारांचा. आता कच्च्या चिठ्ठीवर कसं कापलं जातं ते पाहू.

– क्विंटलमागे एक किलो 'कट्टी', मातेरं आणि पोत्याच्या नावाखाली : २० किलो, म्हणजे ९०० रुपये.
– दोन टक्के अडत : १,८०० रुपये.
– 'नगदी पाहिजे तर' म्हणून शेकडा दीड रुपया : १,३५० रुपये.

एकूण ४,०५० रुपये गेले. म्हणजे क्विंटलमागे दोनशे रुपयांहून जास्त. भाव ४,५०० सांगितला, पण हातात पडला ४,३०० च्याही आत. हर्रासात दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा शेतकरी इथे दोनशे रुपये न बोलता सोडून देतो.

यातलं काय चालतं आणि काय नाही?

बाजार फी, म्हणजे सेस, खरेदीदाराने द्यायची असते. ती शेतकऱ्याच्या पट्टीत येता कामा नये. देखरेख शुल्काचंही तसंच.

अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, हे सरकारचं धोरण २०१६ पासून आहे. तरी पट्टीवर अडतीची ओळ दिसली तर 'कोणत्या उपविधीप्रमाणे, किती टक्के?' असं बाजार समितीला लेखी विचारावं. तोंडी विचारलं तर उत्तरही तोंडीच मिळतं.

हमाली आणि तोलाई यांचे दर बाजार समिती ठरवते. ते उपविधीत आणि दरपत्रकात असतात. त्या दराने जे बसतं तेवढंच कापता येतं. दरपत्रक समितीच्या कार्यालयात पाहायला मागणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

कट्टी, कडता, नमुन्याच्या नावाने ओंजळभर माल काढून ठेवणं आणि नगदी चुकाऱ्यावर कपात या गोष्टींना नियमात जागा नाही. माल ओला असेल, त्यात काडीकचरा असेल तर ते बोलीच्या वेळी पाहून भाव ठरवायचा असतो. ओलीचा भाव एकदा कमी लावला आणि मग वजनातूनही कापलं, तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे गेले.

आणि चुकारा. माल विकला की पैसे लगेच मिळाले पाहिजेत, हा या कायद्याचा गाभा आहे. स्वतःचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून शेतकऱ्याने वरून शेकडा दीड-दोन रुपये द्यायचे, हे उलटं गणित आहे.

नजर ठेवणारे कोण?

पहिली नजर बाजार समितीचीच. अडत्या, व्यापारी, हमाल, मापारी यांना परवाना देणारी तीच आणि नियम मोडला तर परवाना निलंबित किंवा रद्द करणारीही तीच. परवाना देताना अनामत किंवा बँक हमी घेता येते, म्हणजे उद्या शेठने हात वर केले तर काहीतरी हाताशी राहतं. माल किती आला, कोणी घेतला, काय भावाने घेतला याच्या नोंदी समितीकडे असायला हव्यात. दर्जा, वजन किंवा चुकाऱ्यावरून वाद झाला तर तो मिटवण्याची सोय समितीने करायची, असं कायदाच सांगतो. रोजचं काम सचिव पाहतात. अर्जही त्यांच्याच नावाने द्यायचा असतो.

समितीवर १८ संचालक असतात. त्यातले ११ सेवा सहकारी संस्थांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतींमधून, २ अडते-व्यापाऱ्यांमधून आणि १ हमाल-मापाऱ्यांमधून निवडून येतो. म्हणजे १५ जागा गावाकडच्या मतांवर ठरतात. सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत निवडून दिलेले सदस्य पुढे बाजार समितीला मतदान करतात. गावात मत मागायला येणाऱ्याला रस्ता, नाली, घरकुल सगळं विचारलं जातं. 'बाजार समितीत अडतीचं काय केलं?' हे मात्र कोणी विचारत नाही.

दुसरी नजर सहकार खात्याची. तालुक्याला सहायक निबंधक, त्यांच्यावर यवतमाळला जिल्हा उपनिबंधक, अमरावतीला विभागीय सहनिबंधक आणि सगळ्यात वर पुण्याला पणन संचालक. बाजार समितीच्या बाबतीत जिल्हा उपनिबंधकाचं कार्यालय सगळ्यात महत्त्वाचं, कारण पणन संचालकांचे बरेच अधिकार त्यांच्याकडे दिलेले असतात. कायद्याच्या कलम ४० खाली समितीच्या कारभाराची तपासणी आणि चौकशी लावता येते. कारभार फारच बिघडला तर कलम ४५ खाली संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवता येतो. समितीच्या हिशोबाचं लेखापरीक्षणही होतं.

तिसरी नजर काट्यावरची. वजनकाटा तपासून त्यावर शिक्का मारण्याचं काम वैधमापनशास्त्र विभागाचं आहे. बाजार समिती त्यात मोडत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी तपासणी व्हावी लागते. काटा बरोबर आहे का याची शंका आली तर तपासणीचं प्रमाणपत्र दाखवा, असं कोणताही शेतकरी म्हणू शकतो. मोजायला सुरुवात होण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे पाहायला तर कोणाची परवानगीही लागत नाही.

मग नजर चुकते कुठे?

तीन ठिकाणी.

पहिली जागा म्हणजे कच्ची चिठ्ठी. सिगारेटच्या पाकिटाच्या मागे, डायरीच्या पानावर किंवा आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आकडा. त्यावर दुकानाचं नाव नसतं, परवाना क्रमांक नसतो, सही नसते. अशी विक्री बाजार समितीच्या नोंदीत आली की नाही, हेही कळत नाही. नोंद नसली की फी बुडते आणि शेतकऱ्याचा पुरावाही बुडतो.

दुसरी जागा खेडा खरेदी. गाडी गावात येते, काटा सोबतच असतो, आंगणात माल मोजला जातो आणि रोख पैसे हातात. भाडं वाचतं, दिवस वाचतो. ढाणकी-बिटरगावकडच्या लांबच्या गावांना ही सोय वाटते आणि ती सोय आहेही. पण गावात येऊन खरेदी करणाऱ्यालाही परवाना लागतो. परवाना आहे का, हे विचारलं जात नाही. पहिल्या दोन खेपा रोखीने होतात, तिसरी उधारीवर जाते आणि चौथ्या वेळी फोन बंद येतो. मग पोलिसांत गेलं की पहिला प्रश्न तोच असतो : 'कागद आहे का काही?'

तिसरी जागा उचल. जुन्या उचलीचा हिशोब आणि आजच्या मालाचा हिशोब एकाच कागदावर मिसळला की कोणती कपात कशाची, हे ओळखता येत नाही. म्हणून मालाची पट्टी पूर्ण रकमेची वेगळी घ्यावी आणि उचल फेडल्याची पावती वेगळी घ्यावी. देणं नाकारायचं नाही. फक्त दोन हिशोब दोन कागदांवर ठेवायचे.

पट्टी नसल्याचा फटका फक्त अडतीपुरता नसतो. २०१६ च्या हंगामात सोयाबीनचे भाव पडले तेव्हा सरकारने १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०१६ या काळात बाजार समितीत विकलेल्या सोयाबीनला क्विंटलमागे २०० रुपये, जास्तीत जास्त २५ क्विंटलपर्यंत, अनुदान दिलं. म्हणजे एका शेतकऱ्याला ५ हजारांपर्यंत. पण अर्जासोबत विक्रीची पट्टी लागत होती. २०२३ मध्ये कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान मिळालं. तिथेही विक्रीची पावती मागितली गेली. ज्याने माल गावातच कच्च्या चिठ्ठीवर दिला, त्याने पीक पिकवलं, कमी भावात विकलं आणि अनुदानाच्या यादीतूनही बाहेर राहिला. पुढे केव्हा अशी योजना येईल ते सांगता येत नाही. पण आली तर पट्टी मागितली जाईल, हे नक्की.

हळद पैनगंगेपलीकडे विकली तर?

उमरखेड-महागाव भागातली बरीच हळद पैनगंगा ओलांडून हिंगोली, वसमत, नांदेडच्या बाजारात जाते. तिथे खरेदीदार जास्त, म्हणून बोलीही चढते. पण तिथे गेलं की देखरेखीची साखळी बदलते. नियम सोपा आहे : माल जिथे विकला, तक्रार तिथल्या बाजार समितीकडे. हिंगोलीला हळद विकली आणि चुकारा अडकला, तर उमरखेडच्या समितीकडे अर्ज करून उपयोग नाही. अर्ज हिंगोलीच्या समितीकडे आणि वर हिंगोलीच्या जिल्हा उपनिबंधकाकडे जायला हवा.

हळदीला केंद्राचा हमीभाव नाही. म्हणजे सोयाबीन-तुरीसारखा 'इतक्याच्या खाली नको' म्हणायला आकडा नाही. त्यामुळे हळदीच्या शेतकऱ्याला पट्टी सगळ्यात जास्त गरजेची. कांडी किती, बंडा किती, कोणत्या भावाने गेला, हे वेगवेगळं लिहिलेलं असावं. दोन्ही एकत्र करून सरासरी भाव लावला तर पुढे हिशोब पटवता येत नाही.

हमीभाव केंद्रावर विकलेल्या मालाला अडत नसते. सोयाबीन, तूर, हरभरा नाफेडच्या वतीने खरेदी-विक्री संघ किंवा इतर नेमलेल्या संस्था घेतात. कापूस सीसीआय घेते. पैसे थेट बँक खात्यात येतात. मात्र तिथे नोंदणी, सातबारा, पीक पेरा आणि ओलाव्याची अट असते. सोयाबीनला साधारण १२ टक्के ओलावा चालतो. २०२४ च्या हंगामात केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. ज्याला पैसा आजच पाहिजे, तो केंद्राची वाट पाहू शकत नाही आणि पुन्हा अडत्याकडेच येतो. म्हणून हमीभाव केंद्र असलं तरी अडतीवरची देखरेख गरजेचीच राहते.

तक्रार कशी करावी?

१) माल उतरवताना अडत्याचं दुकान, परवाना क्रमांक आणि तारीख टिपून ठेवावी. मोबाईलवर पाटीचा फोटो काढला तरी चालतो.

२) वजन झालं की काटापट्टी आणि भाव ठरला की हिशोबपट्टी मागावी. त्यावर माल, वजन, भाव, प्रत्येक कपात वेगळी, खरेदीदाराचं नाव, सही आणि शिक्का असावा. घरी जाण्याआधी फोटो काढून घरच्या दुसऱ्या एखाद्या फोनवर पाठवून ठेवावा.

३) कपात पटली नाही किंवा चुकारा आला नाही तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाजार समितीच्या सचिवांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज द्यावा. पट्टीची झेरॉक्स जोडावी. मूळ पट्टी कोणाकडेच द्यायची नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर 'पोहोच' घ्यावी. पोहोच नसलेला अर्ज दिला नसल्यासारखाच.

४) समितीने काही केलं नाही तर तीच प्रत जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे आणि यवतमाळच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज द्यावा. राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाकता येते. तिथे तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा.

५) धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात न्यायालयात जाता येतं. 'देतो, देतो' म्हणत शेठने दोन महिने काढले की ही मुदत निघून जाते.

६) पैसे बुडवून कोणी पळाला तर तो फसवणुकीचा गुन्हा होतो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे त्या वेळचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना फसवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा द्राक्ष उत्पादकांचे अडकलेले पैसे निघाले. पोलिसांनी मनावर घेतलं तर काय होतं, ते तिथे दिसलं.

७) समितीचे अडत, हमाली, तोलाईचे मंजूर दर, परवानाधारकांची यादी आणि एखाद्या दुकानावर झालेली कारवाई माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बीपीएल कुटुंबाला फी नाही.

एकट्याने तक्रार केली तर पुढच्या पेरणीला उचल बंद होईल, ही भीती खरी आहे आणि तिला हसून चालत नाही. त्यासाठी गावातल्या पाच-दहा जणांनी, बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एक अर्ज दिलेला बरा. दहा जणांची उचल एकदम बंद करायची, तर शेठच्या दुकानावर येणारा मालही तेवढाच घटतो.

अडत्याला परवाना देणारी समिती आहे, समितीवर नजर ठेवणारं खातं आहे आणि त्यासाठी शेकडा पाच पैसे दर विक्रीला जमाही होतात. या सगळ्यांना कामाला लावणारी किल्ली मात्र शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीत आहे. येत्या हंगामात पोतं काट्यावर चढवण्याआधीच विचारून घ्यावं, "शेठ, पक्की पट्टी देता ना?" उत्तर 'नाही' आलं तर दुसरं दुकान समोरच असतं.